टॉवर खाली होतो

आदेश येणार, आदेश येणार असं खातं केव्हापासून सांगत होतं, आणि पौषातल्या एका धुकट सकाळी तो खरोखरच आला. बुलेटवर बसून आला. पूर्ण नाव आदेश सिंह, धंदा भंगाराचा.

दत्तू सरवदे तेव्हा टॉवरच्या बुडाशी शेकोटीला तळपाय लावून बसला होता. धुक्यातून आधी बुलेटचा आवाज आला, मग दिवा, मग कानटोपी आणि सगळ्यात शेवटी मिशा.

"टॉवर कहाँ है?" मिशांनी विचारलं.

दत्तूनं वर बोट केलं. वर धुकंच होतं. टॉवरचे चार पाय गुडघ्यापर्यंत दिसत होते. बाकीचा टॉवर आहे असं खात्याच्या शब्दावर मानून घ्यायचं.

आदेश सिंहानं एका पायावर बूट आपटून बघितला, म्हैस विकत घेताना माणूस तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारतो तसा. मग त्यानं आजूबाजूला नजर फिरवली. पत्र्याचं एक खोलीचं क्वार्टर, हापसा, आणि पश्चिमेच्या उतारावर माणसाच्या उंचीचं हिरवंगार काहीतरी.

"ये सब खाली करना पड़ेगा," तो म्हणाला.

लखनौच्या चारी बाजूंना तुम्ही कितीही मान वळवा, डोंगर नाही. टिकरीखेड्याचा टीव्हीचा टॉवर मात्र कागदोपत्री 'डोंगरमाथा' या सदरात होता. तो मुळात कुठल्याशा पहाडासाठी मंजूर झालेला. निवडणुकीच्या घाईत सांगाडा इथं उतरला आणि उतरला तिथंच उभा राहिला. डोंगर मागाहून येणार होता. तो काही आला नाही. त्याची उणीव भरून काढायला जुन्या वीटभट्टीचं टेकाडभर राबिट, म्हणजे विटांचा राडारोडा, तेवढं होतं. गावकरी त्याला 'पहाड़ी' म्हणत, आणि पाहुण्यांना दाखवायला आणत.

टॉवर डोंगरमाथ्याचा म्हटल्यावर त्यावर चढायला डोंगरमाथ्याचा अनुभव असलेला माणूस पाहिजे, असं फायलीनं मागितलं. खात्यानं शोधून शोधून बालाघाटातल्या घारमाथ्यावरनं दत्तूला काढला आणि गंगेच्या मैदानात पाठवला. घारमाथा म्हणजे खरा डोंगर. तिथं वारा असा, की शिडीवर माणूस धोतरासारखा फडफडायचा. दत्तू हे टिकरीखेड्यात कुणालाही सांगायचा. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हाँ, हमरी पहाड़ी पर भी हवा बहुत है।"

रुजू झाला त्या दिवशी हज़रतगंजच्या ऑफिसातला बाबू म्हणाला होता, "क्वार्टर खाली है।"

"वर असतं तरी चाललं असतं, साहेब," दत्तू म्हणाला होता.

इथं 'खाली' म्हणजे रिकामं, आणि आपल्या खालीला इथं 'नीचे' म्हणतात, हे त्याला मागाहून उमगलं. उमगलं ते डोक्याला. जिभेला कुणी कळवलं नाही.

पुढं लोकांनी घरोघर डिशच्या छत्र्या लावल्या आणि एका दुपारी वरून हुकूम येऊन प्रक्षेपणाचं मशीन बंद झालं. टॉवर राहिला, दत्तू राहिला. टॉवरच्या शेंड्यावरचा लाल दिवा तेवढा चालू ठेवायचा होता. ज्याच्यावरनं काहीच जात नाही अशा टॉवरवर विमान येऊन आदळू नये, ही खात्याची काळजी. गुडघे वाजायला लागले तरी दत्तू दिवा बदलायला चढायचा. खाली उतरला की त्याची बायको गयाबाई गरम पाण्याची पिशवी आणि दोन शब्द द्यायची. पिशवी गरम असायची, शब्द त्याहून.

आता पश्चिमेच्या उतारावरचं हिरवंगार. ती ज्वारी होती, शाळू. दोन वर्षांमागं माहेरी जाऊन येताना गयाबाईनं तिथल्या बियाण्याची पुरचुंडी पदराला बांधून आणली होती. लखनौचा गहू खाऊन खाऊन पोटात कणकेचा गोळा बसलाय, असं ती म्हणायची. इथल्या थंडीत शाळू दाणा धरत नाही, असं सगळे सांगत होते. पहिल्या वर्षी नाही धरला. दुसऱ्या वर्षी निसवली आणि कणसं पोचट निघाली. यंदा मात्र भट्टीच्या राबिटानं ऊब धरली की काय कोण जाणे, चिक भरला. गयाबाई रोज एक दाणा नखानं दाबून बघायची आणि कुणाला सांगायची नाही. सांगितलं की नजर लागते. टिकरीखेड्यात नजरेला तोटा नव्हता.

गावच्या लेखी ती चरी होती. ज्वारी इकडं जनावरांसाठी पेरतात, हिरवीच कापतात. प्रधान, म्हणजे गावचा सरपंच, राजाराम येता-जाता विचारायचा, "का हो दत्तू भैया, चरी कब कटी? हमरी भैंस पूछती है।"

"भैंस को बोलो, ये हमारा खाना है," दत्तू म्हणायचा.

"वही तो," राजाराम म्हणायचा. "भैंस भी वही पूछती है, कि ये कौन है जो हमार खाना खाता है।"

बरोबरची माणसं हसायची. दत्तूही थोडा हसायचा, घरी कळणार नाही इतपत.

आदेश सिंह गेल्यावर दत्तूनं बातमी घरात नेली. गयाबाई चुलीपाशी होती.

"खाली करा म्हनतोय."

"आपुन वर कवा हुतो?" ती म्हणाली. "मला ते सांगू नका. शाळू कवा काढायचा ते सांगा. अजून दाना कच्चा हाय. फाल्गुन लागू द्या. न्हाई तर समदं चिपाड."

"तो थांबंल का तोवर?"

"तुमी सांगा त्याला. टावरवर चढताव, मानसापुढं उभं ऱ्हाता येत न्हाई व्हय?"

खाटेवर मोबाइल बघत पडलेला अभय म्हणाला, "दादा क्या बोलेंगे. मैंने बात कर ली है।"

अभय त्यांचा मुलगा. जन्म याच टेकाडावरचा, शाळेत पोरं त्याला 'टावर' म्हणायची. मराठी सगळी कळायची, उत्तर हिंदीत यायचं. निशातगंजला ई-रिक्षा चालवून त्याची कंबर गेली होती.

"काय बात केली?" दत्तूनं विचारलं.

"काम पकड़ लिया। आदेश भैया को ऊपर चढ़ने वाले लड़के चाहिए। मैं चढ़ लेता हूँ।"

"टॉवर कापायला?"

"तो क्या आरती उतारने?"

दत्तूनं ताट सरकवलं. अभयनं मोबाइल सरकवला. गयाबाई म्हणाली, "दोगंबी जेवा. भांडायला ताकद लागती."

त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी बोलायचे थांबले. जे काय असेल ते गयाबाईमार्फत. "याला म्हनावं, हापशावर माझा टावेल हाय." "दादा को बोलो, देख लिया।" खोली दहा पावलांची, पण निरोप व्यवस्थित जायचे.

आदेश सिंह माणसं घेऊन पुन्हा आला तेव्हा दत्तूनं त्याला हुरड्याला बसवायचं ठरवलं. आपल्याकडं हुरड्याला बसलेला माणूस वैरी राहत नाही. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली, हातावर गरम गरम चोळली, फुंकरीनं कोंडा उडवला आणि कोवळे हिरवे दाणे द्रोणात घालून पुढं केले. बरोबर गूळ. गयाबाई दारात उभी होती. तिला हे पसंत नव्हतं. कणसं मोजकी होती आणि पाहुणा फुकटचा.

आदेश सिंहानं द्रोणात बघितलं. "ये क्या है?"

"हुरडा. खाके देखो, साहब. ज्वार है."

"चरी?" त्यानं राजारामकडं बघितलं. राजाराम हसू दाबत होता. "भैया, हम ठाकुर आदमी हैं। दाना-पानी अभी तक आदमी वाला ही चल रहा है।" द्रोण त्यानं तसाच खाली ठेवला, बुलेटच्या चाकाशी. निघताना गाडी मागं घेतली. चाक द्रोणावरनं गेलं. मुद्दाम गेलं असं काही म्हणता येत नाही. जागा भरपूर होती, एवढंच.

गयाबाई पुढं आली. मातीतला एक एक दाणा वेचून तिनं पदरात घेतला, आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "अजून कुनाला बोलवायचंय का जेवायला?"

मग दत्तू हज़रतगंजला गेला. दोन टेम्पो बदलून, गळ्याशी मफलर, खिशात ओळखपत्र. तिथं नवे साहेब आले होते, धनंजय नवाथे. दारावर मराठी नाव वाचून दत्तूच्या छातीत ऊब भरली. आत जाऊन तो मराठीतच म्हणाला, "नमस्कार साहेब. मी टिकरीखेड्याचा रिगर, टॉवरवर चढणारा."

"अरे वा," साहेब खुर्चीतल्या खुर्चीत पुढं झाले. "मराठी माणूस! कुठले तुम्ही?"

"धाराशिवकडचा, साहेब."

"छान, छान. नाव काय?"

"दत्तू सरवदे."

साहेबांची पाठ सावकाश पुन्हा खुर्चीला टेकली. "अच्छा," ते म्हणाले. "बोलिए, क्या समस्या है?"

दत्तूनं समस्या हिंदीत सांगितली. शाळू या शब्दाला त्याला हिंदी सापडेना, म्हणून 'चरी' म्हणाला. त्याचं त्यालाच वाईट वाटलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की सरकारी जमिनीवर चारा पिकवायची परवानगी कुणी दिली. दत्तू म्हणाला, कुणी नाही. साहेब म्हणाले, मग हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं धरू. टॉवर उतरेपर्यंत देखरेखीची ड्यूटी मात्र तुमची. बुडाशी उभं राहायचं, माणसं सांभाळायची. अपघात झाला तर जबाबदार तुम्ही.

"येतो साहेब," दत्तू सवयीनं मराठीत म्हणाला.

"ठीक है," साहेब म्हणाले.

परतताना चौकाच्या बाजूनं टेम्पो मिळाला. शेजारी चिकनकारीच्या कुर्त्यांचं गाठोडं घेतलेली बाई बसली होती. तिनं विचारलं, "भैया, कहाँ के हो?" दत्तू म्हणाला, "यहीं का." हे तो पहिल्यांदाच म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला शिवी दिल्यासारखं वाटलं. कुणाला, ते कळलं नाही.

माघात काम सुरू झालं. टॉवर शेंड्याकडून सोलत आणायचा. वर अभय आणि आदेश सिंहाची दोन माणसं, हातात गॅसकटर आणि पाने. लाल दिवा सगळ्यात आधी निघाला. अभयनं तो दोरीनं सोडला. दत्तूनं झेलला, मफलरनं पुसला आणि क्वार्टरच्या फळीवर ठेवून दिला.

सुरुवातीला तुकडे कप्पीवरून दोरखंडानं उतरवत. मग आदेश सिंह म्हणाला, दोरीत दिवस जातात. लोखंडाला वरून खालचा रस्ता ठाऊक आहे, नुसतं सोडा. त्यासाठी हाकारे ठरले. वरचा विचारणार, "नीचे?" बुडाशी उभ्या दत्तूनं चहूकडं बघून सांगायचं, "खाली है." मग वरचा सोडणार. कुणी असलं तर म्हणायचं, "रुको." अभयनं आईमार्फत निरोप दिला होता: "दादा को बोलो, ड्यूटी पर हिंदी। इनकी मराठी ऊपर किसी को समझ में नहीं आती।"

"याला म्हनावं, तुला येती न्हवं?"

"मैं ऊपर अकेला नहीं हूँ।"

दत्तूनं मानलं. दिवसभर तो मान वर करून ओरडायचा, "खाली है. खाली है." घसा बसायचा. घारमाथ्यावर हीच हाक उलटी होती. तिथं 'खाली!' म्हणजे खाली माणूस आहे, हात आवर. पहिले काही दिवस 'खाली है' म्हणताना दर वेळी त्याला आपण खोटं बोलतोय असं वाटायचं. मग सवय झाली.

लोखंड पूर्वेला टाकायचं ठरलं होतं. पश्चिमेला शाळू. एवढं एक अभयनं आदेश सिंहाकडून कबूल करून घेतलं होतं, आईसाठी. पण पूर्वेच्या उतारावर एके दिवशी चार खांब उभे राहिले, त्यांच्यावर छप्पर आलं, छपराखाली राजारामच्या म्हशी आल्या. टॉवर गेल्यावर पहाडी गावाची, आणि गाव म्हणजे राजाराम.

"हमरी भैंस के ऊपर लोहा गिरा," राजाराम आदेश सिंहाला म्हणाला, "तो तुम्हारा ट्रक गाँव से निकली?"

ट्रक गावातनंच निघायचे होते. आदेश सिंह क्वार्टरच्या दाराशी आला.

"कल से पच्छिम," तो म्हणाला. "अपनी घास हटा लो।"

"साहब, थोडा रुको," दत्तू म्हणाला. "दाना पक रहा है. चार दिन."

"चार दिन में तो मैं दूसरा टावर काट लूँ। अम्मा को बोलो, कल सुबह तक खाली।"

गयाबाई आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही. विळ्याला धार लावायला बसली. शाळू मुळासकट उपटायचा असतो, पण तेवढा वेळ कुठला. कणसं तरी खुडून घेऊ, कडबा जाऊ दे म्हशींच्या मढ्यावर, असं ती विळ्याला सांगत होती. "धुकं फिटल्याबिगर त्ये लोक वर चढत न्हाईत. तोवर माझं हुतंय."

धुकं फिटेपर्यंत कुणी चढत नसे, हे खरं होतं. पण त्या दिवशी ट्रक पहाटेच येऊन थांबला होता, ड्रायव्हर शिव्या देत होता, आणि आदेश सिंह म्हणाला, "धुंध में लोहा ऊपर तो नहीं चला जाएगा।" माणसं वर चढली. अभय सगळ्यात पुढं. तळापासून माणसाच्या उंचीवरच त्यांचे पाय धुक्यात बुडाले.

दत्तू हापशावर तोंड धुऊन आपल्या जागी येऊन उभा राहिला. चहा झाला नव्हता. चूल पेटलेली नव्हती. याचा अर्थ त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला, कारण थंडीनं कान दुखत होते आणि आदेश सिंह त्याला सांगत होता की बुढ़ऊ, आज हाकारे जल्दी-जल्दी द्या. वर गॅसकटरचा निळा डाग धुक्यात पेटला, सरकला, विझला.

"नीचे?" अभयचा आवाज.

दत्तूनं पश्चिमेला बघितलं. धुकं. धुक्यात शाळूचे शेंडे. वारा नव्हता, तरी एका जागी शेंडे हलत होते. सळसळ, मग काडी मोडल्याचा आवाज, मग पुन्हा सळसळ. आणि चूल पेटलेली नव्हती.

'रुको' हा शब्द त्याला येत होता. रिक्षावाल्याला, कुत्र्याला, पाहुण्याला, सगळ्यांना तो हा शब्द म्हणत आला होता. पण माणूस भ्याला की त्याची जीभ सरळ आपल्या गावाला पळते. दत्तूनं बायकोला आजवर 'अगं ए' म्हटलं होतं, 'अभ्याची आई' म्हटलं होतं, रागात आणखी काय काय. नाव कधी घेतलं नव्हतं. चारचौघांत तर नाहीच. त्या क्षणाला मात्र लग्नापासून तोंडात धरून ठेवलेलं ते नाव सुटलं.

"गया!" तो ओरडला. "गया खाली आहे! गया! खाली आहे!"

वर धुक्यात तीन माणसांनी ऐकलं. गया, खाली है. गेला, जागा रिकामी.

त्यांनी सोडलं.

आधी काहीच झालं नाही. मग धुकं फाटल्यासारखा आवाज, मग शाळूत लोखंडाचा आडवा अँगल पडला, उसळला, दुसरं टोक फिरून पुन्हा पडलं. कडकड मोडत गेलेली धाटं उशिरापर्यंत मोडतच राहिली. दत्तू पळाला. गुडघे वाजत होते, ते त्याला ऐकू येत होते.

गयाबाई मोडलेल्या शाळूत बसली होती. ओटीत कणसं घट्ट धरलेली, विळा हातात. अँगलचं टोक तिच्या डाव्या पावलावर होतं. बोटं होती तिथंच होती, फक्त त्यांची तोंडं दुसरीकडं झाली होती. ती ओरडत नव्हती. तोंड उघडं होतं आणि त्यातनं वाफ येत होती.

"हलवू नका," ती म्हणाली. "कनसं सांडतील."

अभय शिडीवरनं घसरत खाली आला. हाताची कातडी निघालेली. बापलेकांनी मिळून अँगल उचलला. किती तरी दिवसांनी दोघांनी एकत्र काही उचललं. "वर घे," दत्तू म्हणाला. "उठा रहा हूँ," अभय म्हणाला. गयाबाई तेव्हा ओरडली.

तिला ट्रकमध्येच घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. ड्रायव्हरनं वाटेत शिव्या दिल्या नाहीत, हे नमूद करायला हवं.

दुपारी दरोगा, म्हणजे इथला फौजदार, आला. धुकं फिटलं होतं, अर्धा टॉवर लख्ख दिसत होता. गाव जमलं होतं. दवाखान्यातून दत्तूला बोलावून आणलं होतं. त्याच्या मफलरवर रक्त होतं आणि त्याला मफलर काढायचं सुचत नव्हतं.

"किसने बोला कि खाली है?" दरोगानं विचारलं.

सगळ्यांनी दत्तूकडं बोट केलं. राजारामनं दोन्ही हातांनी.

"तुमने बोला?"

"हाँ साहब. बोला."

"क्या बोला?"

"गया खाली आहे."

"तो गया, खाली है। यही ये लोग भी बता रहे हैं। फिर झगड़ा क्या है?"

"साहब, गया मतलब गया नहीं. गया मतलब बीवी."

दरोगानं लिहिणं थांबवलं. "बीवी कहाँ गई?"

"कहीं नहीं गई साहब. गया वहीं थी."

"गया थी?"

"हाँ."

"गया, थी," दरोगानं शिपायाकडं बघितलं. शिपाई तोंड फिरवून खोकला. "और खाली?"

"खाली मतलब नीचे, साहब. हमारे यहाँ नीचे को खाली बोलते हैं."

"और खाली को?"

"रिकामं."

"रिकामं," दरोगा म्हणाला. गाव हसलं. "तुम्हारे यहाँ आदमी नीचे हो तो खाली, और चला जाए तो औरत। लिखो," तो शिपायाला म्हणाला, "सुपरवाइज़र ने खुद आवाज़ दी कि जगह खाली है। भाषा की कोई शिकायत नहीं।"

आदेश सिंह बाजूला उभा राहून नखं बघत होता. तो म्हणाला, "बेचारे से गलती हो गई। हमें कुछ नहीं कहना।" मोठ्या मनाचा माणूस.

दत्तूनं सही केली. सही करून मान वळवली तर राजारामच्या म्हशी पश्चिमेच्या उतारावर चढल्या होत्या. आडवी झालेली धाटं त्या शांतपणे खात होत्या, कणसांसकट. गुराख्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं. शेवटी ती चरीच ठरली.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात अभय भिंतीला डोकं टेकून उकिडवा बसला होता. हातांना चिंध्या बांधलेल्या. दत्तू शेजारी उभा राहिला. निरोप न्यायला मध्ये कुणी नव्हतं.

"तुला तरी कळायला पायजे हुतं," दत्तू म्हणाला.

"क्या कळायला?" अभयचा आवाज फाटला. "आपने कभी नाम लिया है आई का? एक बार? मुझे क्या पता कि आप नाम पुकार रहे हैं। मुझे लगा..." तो उठला. आत जाऊन आईच्या खाटेशी उभा राहिला. दत्तू मागोमाग गेला.

गयाबाईचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. दोन बोटं काढावी लागली होती. उशाशी कणसांची पिशवी. तिनं ती नर्सला हात लावू दिली नव्हती.

"शाळू?" तिनं विचारलं.

दोघांनी उशाशी उरलेल्या पिशवीकडं बघितलं. ती समजली. पिशवी जवळ ओढून ती नवऱ्याकडं वळली.

"नाव घेतलंत म्हनं माझं."

दत्तूनं मान हलवली.

"लगीन झाल्यापासनं पयल्यांदा."

"व्हय."

"मंग काय झालं बघितलंत न्हवं," गयाबाई म्हणाली. "आता परत घिऊ नका."

क्वार्टर सोडायच्या दिवशी ऊन पडलं होतं. टॉवरच्या जागी चार सिमेंटचे ठोकळे उरले होते आणि एकावर राजारामच्या घरची गोधडी वाळत होती. सामान टेम्पोत चढलं: खाट, ट्रंक, बाबासाहेबांची तसबीर, पितळेची भांडी, मफलरात गुंडाळलेला लाल दिवा. निशातगंजच्या मागं एक खोली बघितली होती. गयाबाई टेम्पोच्या फळीवर पाय लांब करून बसली. मांडीवर पिशवी. अंगठ्यानं एका कणसाचे दाणे मोकळे करत होती आणि एखादा तोंडात टाकून चावत होती, कच्चाच.

आदेश सिंह बुलेटवरनं उतरला नाही. नवाथे साहेबांनी ताबा घ्यायला त्यालाच सांगितलं होतं. त्यानं उघड्या दारातून आत बघितलं. चूल, फळी, खिळे.

"हाँ तो दत्तू भैया," तो म्हणाला, "क्वार्टर खाली?"

एका शब्दाचं काम होतं. राजाराम बघत होता, ड्रायव्हर बघत होता. गयाबाईचा अंगठा कणसावर थांबला.

"रिकामं," दत्तू म्हणाला.

"क्या?"

"रिकामं हाय."

आदेश सिंहानं अभयकडं बघितलं. किराणावाल्यापाशी, कंपाउंडरपाशी, शाळेत मास्तरपाशी, जन्मभर बापाचं बोलणं दुसऱ्यांना समजावून द्यायचं काम या पोराकडंच होतं.

"क्या बोल रहे हैं ये?"

अभय टेम्पोच्या कडेला दोरी आवळत होता. त्यानं गाठ मारली, ओढून बघितली.

"रिकामं," तो म्हणाला.

आदेश सिंहानं दोघांकडं बघितलं. मग त्यानं बुलेटला लाथ मारली.

दत्तू चाकावर पाय देऊन टेम्पोत चढला. फळीवर जागा नव्हती. ट्रंक होती, पाय होता, पिशवी होती.

"अगं ए," तो म्हणाला, "सरक."

ती सरकली.